पेननं लिहिलेली कार्डं

"हे तीन उंदीर आधीपासूनच दुसऱ्या रोगानं आजारी होते, असं लिहा. विषय संपला." यज्ञेश्वर सरांनी नवी, कोरी कार्डं नम्रतासमोर आपटली.

वाघोलीतल्या त्या प्रयोगशाळेचे ते मालक. अकरा वाजता अमेरिकन कंपनीची माणसं येणार होती. एका पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या एवढ्याशा तुकड्यावर, दोन वर्षं काम चाललं होतं. आतड्याला सूज आलेल्या बारा उंदरांना ते दिलं. नऊ सुधारले. तिघांचं रक्त पडणं मात्र वाढतच गेलं. ते तीन वगळले की कागदावर नवापैकी नऊ बरे, आणि करार पक्का.

पिंजऱ्यावरची, उंदरांच्या नोंदींची कार्डं तिथे सगळे पेन्सिलीनं लिहायचे. खोडायला बरं! एकटी नम्रता गजभिये पेननं लिहायची. बाईच तऱ्हेवाईक. कँटीनमध्ये सगळे मिसळीवर तुटून पडले, की ही आपली मऊ भात कालवत बसायची. "काय मॅडम, बाळाचा डबा आणलात वाटतं?" ही चेष्टा रोजची. ती हसून सोडून द्यायची.

आज ती हसली नाही. "मी लिहिणार नाही, सर."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे."

उंदरांना दाणापाणी करणाऱ्या तुळजाबाई दारातच थबकल्या. "ताई, कशाला वाकड्यात शिरता? लिवून टाका की."

नम्रतानं नकारार्थी मान हलवली. सरांचा तोल सुटला.

"स्वतःला समजता कोण तुम्ही? तिकडे हजारो माणसं पोट धरून बसलीत. दिवसातून वीस वेळा संडासला पळतात, रक्त जातं त्यांचं. आणि तुम्ही त्यांचं औषध अडवून बसताय! त्यांचे हाल कधी डोळ्यांनी बघितलेत?"

नम्रतानं कोरी कार्डं आधी उभी फाडली, मग आडवी. पिशवीतून दवाखान्याची एक जाडजूड फाइल काढून टेबलावर ठेवली. सरांनी वरचं नाव वाचलं: नम्रता गजभिये.

"नऊ वर्षं बघतेय," ती म्हणाली. "हे औषध निघालं की पहिला डोस मीच घेणार, सर. पण तुमचा चौथा उंदीर मी होणार नाही."