झांजांचा आवाज

बहीण गायची आणि दादा रेकॉर्डिंग करायचा. घरातल्याच खोलीत, भिंतींना गाद्या टेकवून दोघांनी आपला पहिला अल्बम पूर्ण करत आणला होता. आज शेवटचं गाणं ऐकताना मात्र तिला राहवेना.

"दादा, झांजा कमी कर ना. कानात सुया टोचल्यासारखं होतंय."

दादा हसला. "काहीतरीच काय! मघापासून वाढवतोय, तरी ऐकूच येत नाहीयेत."

तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. झांजांचा आवाज पार वरच्या टोकाला नेलेला होता. पडद्याकडे बघता बघता दादाचं हसू मावळलं. त्याने हेडफोन काढले, फुंकर मारून पुन्हा लावले आणि गाणं परत पहिल्यापासून ऐकलं. मग हेडफोन हळूच मांडीवर ठेवले.

"कधीपासून कमी ऐकू येत असेल गं मला?"

दुसऱ्याच गाण्यात तिला झांजांचा कर्कशपणा खटकला होता. पण दादा इतका जीव ओततोय, उगाच कशाला त्याचा हिरमोड करायचा, म्हणून वर्षभर प्रत्येक गाण्याला ती "मस्त झालंय" म्हणत आली होती.