सीटवरचा रुमाल

न्यू जर्सीहून पेरूला आलेला आमचा ग्रुप एका दिवसात खेड्यांतली पाच जुनी चर्चेस बघणार होता. मिनीबस खच्चून भरलेली, मी उभा, आणि प्रतिमाकाकूंनी शेजारच्या सीटवर रुमाल टाकून ठेवलेला.

"काकू, काढा ना तो रुमाल. कोण येणारे इथे?" मी वैतागलो.

"परत जाताना लागेल रे. दोन तिकिटं काढलीत मी."

प्रत्येक चर्चच्या दारात त्या लोकांना फोनमधला फोटो दाखवत होत्या. मला वाटलं, नातवाचं कौतुक. शेवटच्या गावात मी फोनमध्ये डोकावलो. फोटो त्यांच्या राजसचा होता, दोन वर्षांपूर्वी इथल्याच डोंगरात हरवलेल्या मुलाचा. दारातल्या म्हातारीने नाही म्हणून मान हलवली.

काकू बसमध्ये चढल्या. रुमाल उचलून त्यांनी पर्समध्ये ठेवला.

"ये, बस इथे."

परतीचे तीन तास मी उभाच होतो.