चपलांची राखण

"कोणाला खरं वाटायचं न्हाई, पन काल माज्याशी कुत्रं बोललं," श्रीमंतअप्पा अमोलिक चर्चमध्ये भर उपासनेत उभे राहून म्हणाले.

शेलार पाळकांनी विचारलं होतं एवढंच, की दर रविवारी बाहेर बसून चपला राखायला कोण तयार आहे. ब्याण्णव-त्र्याण्णव सालची गोष्ट. शेजारच्या शिंगणापुरात घरांना दारं नाहीत, तरी काही जात नाही म्हणतात. इथं चर्चला चांगलं सागवानी दार होतं आणि दर रविवारी कोणीतरी अनवाणी घरी जायचं. मागच्या खेपेला खुद्द पाळकांचा बूट गेला. एकच. तेव्हापासून प्रश्न तातडीचा झाला होता.

प्रश्न ऐकून मंडळी वर पंख्याकडे बघू लागली. वीज नव्हती, तरी बघू लागली.

बाहेर लिंबाखाली अप्पांची बायको, रतनबाई, दर रविवारी बसायचीच. पण तिचा राखणीला उपयोग नव्हता. चपला कोणी नेल्या विचारलं, तर 'देवदूतानं' म्हणायची. वर्षभरात तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नव्हतं. आधी ती आतच बसे. पाळक उपदेशात विचारत, "आपल्यात निष्पाप कोण आहे?" ती सतरंजीवरून सांगे, "तुमी तर न्हाईच." मंडळी हसायची. शेवटी चर्चच्या पंचांनी हात वर करून ठरवलं, बाईनं बाहेर बसावं. अप्पा पंच होते. त्यांनीही हात वर केला होता.

आणि आता हेच अप्पा उभे! प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट म्हणजे अप्पा. अंगात ताप असतानाही त्यांनी ते कोणाला धरू दिलं नव्हतं. बाहेर बसायचं म्हणजे ते सुटलं.

"काय म्हणालं कुत्रं?" पाळकांनी विचारलं.

"म्हनलं, 'श्रीमंता, चपला राख.' मी म्हनलं, 'देवा, मी पंच हाय.' तर म्हनलं, 'मंग पंचासारखा राख.'"

"अप्पा, अहो, कुत्रं?"

"शास्त्रातली बलामाची गाढवी बोलल्याली चालती तुमाला. कुत्र्यानं काय घोडं मारलंय?"

मागून कोणीतरी 'आमेन' म्हटलं. अप्पा पवित्र शास्त्राच्या बाहेर गेले नव्हते.

"आन् ताट कोन धरायचं?" शेजारचे पंच मच्छिंद्र हळूच म्हणाले.

"तू धर. दोनी हातानं धर. डावीकडं कलतंय ते." एवढं बोलून अप्पांनी टोपी हातात घेतली.

पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि कुत्र्याचा उल्लेख टाळून या पाचारणाबद्दल देवाचे आभार मानायला सुरुवात केली. मंडळीनं डोळे मिटले.

तोच उघड्या दारातून रतनबाईचा आवाज आला.

"खोटं बोलत्यात ते! कुत्रं न्हाई, मी म्हनले. भाईर एकटीला भ्या वाटतंय म्हनले, बसा की माज्यापाशी."