मोठ्या मापाचा ब्लेझर

“दुसरं लग्न खुशाल कर, पण आधी पोराला विचार,” तिची आई म्हणाली होती. “एवढ्याशा जिवाला काय विचारायचं?” म्हणत तिने हसण्यावारी नेलं. आता त्याच्यासाठी निवासी शाळेचा गणवेश घ्यायला तिघं दुकानात आली होती. ब्लेझर चढवला, तर बाह्यांतून बोटंही दिसेनात. “मापाचा दाखवू?” दुकानदाराने विचारलं. “मोठाच असू दे,” नवा नवरा म्हणाला, “सुट्टीतही तो तिथेच राहणार, बदलायला कोण येतंय?” सुट्टीचं तिला आत्ताच कळत होतं. ती काही बोलणार, तेवढ्यात पोरगाच आरशातून तिच्या नवऱ्याकडे बघत म्हणाला, “चालेल काका. मी लवकर वाढेन.” “किती गुणी हो! आमचा असता तर दुकान डोक्यावर घेतलं असतं,” दुकानदार म्हणाला. तिनेही कौतुकाने मान डोलावली. तुमच्या ओळखीत असं कसलाच हट्ट न करणारं पोर असेल, तर आजच त्याला भेटून या.