पुढची बाळं

"एका पेटीत दोन?" आसियानं विचारलं आणि काचेला नाक लावलं.

आत ऊब देणाऱ्या पेट्या चार, बाळं सात. तिचा दोन दिवसांचा मुलगा, पावणेदोन किलोचा, दुसऱ्या एका बाळाशेजारी पडला होता. पेटी एकाच बाळाच्या मापाची. मधे टॉवेलची गुंडाळी ठेवून तिची वाटणी केलेली. शेजारचं बाळ अंकिताचं. रहिमतपूरची ही पोरगी बाहेरच्या बाकावर बसून होती. दोन दिवसांत तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं.

"नव्या पेट्या मागितल्यात," राजेश्वरी सिस्टर म्हणाल्या. "प्रस्ताव वर गेलाय."

"पाय गार लागतायत म्हणाला तुमी सकाळी."

"लागतायत खरं."

"मग माज्याकडं द्या की. छातीला लावती. झोयाच्या वक्ताला तुमीच दिलं हुतं."

"तेव्हा प्रोजेक्ट होता, बाई. तो संपला."

प्रोजेक्ट भिंतीवर होता. दाराशेजारीच, चौकटीत बसवलेला, सगळा इंग्रजीत. मधोमध एका बाईचा फोटो, तिच्या उघड्या छातीला चिकटलेलं मूठभर बाळ. ओळख पटू नये म्हणून बाईच्या डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती, पण डाव्या मनगटावरचा डाग झाकायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आष्ट्याच्या घरच्या बेकरीत आसियाला भट्टीचा चटका बसला होता, त्याचा डाग. ते मूठभर बाळ म्हणजे झोया, तिची थोरली. बावीस दिवस छातीवर राहिली, आणि आता चार वर्षांची होऊन अंगणवाडीतल्या पोरांना चावत होती.

तेवढ्यात मोठे डॉक्टर आले. मागे शिकणाऱ्या पोरापोरींचा घोळका. डॉक्टर फोटोपाशी थांबले.

"हे आपल्या इथलं काम. कमी वजनाचं बाळ पेटीत ठेवण्यापेक्षा आईच्या छातीवर ठेवायचं, कातडीला कातडी लावून. जास्त बाळं वाचतात. दिल्लीच्या परिषदेत पहिला नंबर आला आपला."

पोरं भराभरा लिहून घेत होती. एकीनं पेन थांबवलं. "सर, मग आपल्याकडं आता असंच करतात?"

डॉक्टर हसले. "तू आधी परीक्षेत नीट लिही."

सगळी पोरं हसली.

आसिया भिंतीला धरून पुढं झाली. टाके ओढले, तरी झाली.

"डॉक्टरसाहेब, ती बाई मी हाय."

डॉक्टरांनी फोटोकडं पाहिलं, मग तिच्या मनगटाकडं. "अरे वा! कसं आहे बाळ?"

"पयलं बरं हाय. दुसरं तुमच्या अर्ध्या पेटीत गारठलंय. द्या मला."

"ताई, ते असं लगेच होत नाही. तेव्हा निधी होता, जादा सिस्टर होत्या, आयांना झोपायला खोली होती. आता वरून आदेश यायला लागतो. आपण फाईल पाठवलीय. दोन वर्षं झाली, पाठपुरावा चालू आहे."

"छाती माजी हाय. ती वापराय आदेश कुणाचा लागतो?"

"चिडू नका. चिडलं की दूध आटतं."

"आटतंय कुठलं? सांडतंय." तिनं ओढणी बाजूला केली. कमीज पोटापर्यंत भिजला होता. मागच्या रांगेतल्या एका पोरानं मान खाली घातली.

"सही घेताना कागद तुमीच वाचून दावला हुता मला. तुमच्या पोरीला फायदा हुईल का न्हाई ते सांगता येत न्हाई, पण पुढच्या बाळांना हुईल म्हणाला. मी म्हणलं, हू दे, कुणाचं तरी लेकरू जगंल. सात हायत बघा आत. हीच की तुमची पुढची बाळं! आणि किती पुढची पायजेत तुमाला?"

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "सिस्टर, यांना जरा बसवा."

चहाचा थर्मास घेऊन जिना चढून आलेला तारिक दारातच थांबला होता. तो बायकोच्या कानाशी आला. "गप बस आसिया. पोर त्यांच्या हातात हाय."

"म्हणून तर."

तिनं हातातल्या बांगड्या काढून त्याच्या तळव्यावर ठेवल्या आणि ती नळापाशी गेली. कोपरापर्यंत साबण, बोटांच्या बेचक्या, नखं, भिंतीवरच्या घड्याळात बघून दोन मिनिटं. त्या बावीस दिवसांत शिकवलेलं सगळं. प्रोजेक्ट संपला, तरी हातांना ते विसरायला कुणी सांगितलं नव्हतं.

"सिस्टर, अडवा त्यांना," डॉक्टर म्हणाले.

राजेश्वरी सिस्टर दारात उभ्या होत्या. शिकवलं होतं ते त्यांनीच. त्यांनी आसियाच्या ओल्या हातांकडं पाहिलं, वर घड्याळाकडं पाहिलं.

"चपला बाहेर," एवढंच म्हणाल्या, आणि बाजूला झाल्या.

आत बसायला स्टूल होतं. सिस्टरनी पोराला उचलून तिच्या उघड्या छातीवर पालथं घातलं, वरून चादर गुंडाळली. त्याचे पाय तिच्या पोटाला लागले. गार, नळाखालून काढल्यासारखे गार. तिला रडू आलं नाही. हे पाय सकाळपासून असेच होते आणि ती काचेच्या पलीकडं दोन पावलांवर बसून होती, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत राहिलं. तिनं तळहातानं दोन्ही पावलं झाकून घेतली.

बाहेर डॉक्टरांचा आवाज चढला होता. कुणाच्या परवानगीनं, उद्या काही झालं तर जबाबदार कोण, लेखी खुलासा द्या. मग तो मधेच तुटला.

"आणि तुम्ही? तुम्ही काय करताय तिथं?"

आसियानं मान वळवून काचेतून पाहिलं. अंकिता नळापाशी उभी होती. सुवासिनीनं हात मोकळे ठेवू नयेत म्हणून डोहाळजेवणात सासूनं भरलेला हिरवा चुडा ती एकेक बांगडी करून उतरवत होती.