सात नंबरची खिडकी

सात नंबरच्या खिडकीसमोरची रांग जागची हलत नव्हती. नवी साडी नेसलेल्या हेमलताबाई सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. हातातल्या पावतीने वारा घेत त्या करवादल्या, "या खिडकीवरची माणसं असतात तरी कुठे?"

"मॅडम, या खिडकीवर तर तुम्हीच असता," मागची मुलगी म्हणाली. कालच हेमलताबाईंनी तिला इथून परत पाठवलं होतं.

हेमलताबाईंनी जीभ चावली. विद्यापीठाच्या या खिडकीतून त्या एकोणीस वर्षं पदवीची प्रमाणपत्रं देत होत्या. प्रवेश घेणाऱ्यांतली निम्मीच पोरं इथवर पोचतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? गळालेल्या निम्म्यांत त्या स्वतःच होत्या. तेवीस वर्षांपूर्वी लग्नात राहून गेलेलं बी.ए.चं शेवटचं वर्ष त्यांनी यंदा बाहेरून परीक्षा देऊन पूर्ण केलं होतं. प्रमाणपत्र सकाळपासून त्यांच्याच टेबलावर होतं, पण त्यांना ते चारचौघांसारखं रांगेत उभं राहून, खिडकीतूनच घ्यायचं होतं. आत बसून देणार कोण, हे मात्र आनंदाच्या भरात डोक्यातच आलं नाही.

सगळी रांग हसायला लागली. "थांबा, मी जाते आत," म्हणत ती मुलगी खुशाल बाईंच्या खुर्चीत जाऊन बसली. पावती उलटसुलट करून तिने थेट बाईंच्याच सुरात विचारलं, "झेरॉक्स कुठंय? उद्या या."

बाईंना हसू आवरेना. त्यांनी दोन्ही हात खिडकीतून आत घातले.

"तेवीस वर्षं उद्या उद्याच करत आले गं. आता आजच दे."