नाताळातलं शेवटचं घर

२०२१ च्या नाताळात विनय बायकापोरांना घेऊन पुण्याहून आला. येडशीकडच्याच वाशीची आत्या, तुळजापूरची मावशी, माकणीचे काका असं सगळ्यांना भेटत दिवस मावळताना तो येडशीला आईच्या दारात पोचला. एस्तरबाईंनी करंज्यांचं ताट पुढं केलं.

"आजी, आता पोट फुटेल!" दोन्ही नातवंडं ओरडली.

"पुढल्या नाताळाला पयलं माझ्याकडं या रं," त्या म्हणाल्या. "भुकेल्या पोटी या."

पुढल्या नाताळाला सगळी खरंच सकाळी सकाळी आली. पोरांनी ताटावर झडप घातली, तशी सूनबाई म्हणाली, "एकेकच घ्या. अजून तीन घरी खायचंय." चहा निवायच्या आत गाडी सुरू झाली.

नंतर आत्या लेकीकडं लातूरला गेली ती तिकडचीच झाली. मावशीनं घर विकलं. काका वारले. यंदा एस्तरबाईंनी परातभर करंज्या तळल्या; आता पोरांना घाईनं उठवायला दुसरं घरच नव्हतं.

विनयचा फोन आला.

"आई, तिकडं आता एकच घर राहिलंय गं. तेवढ्यासाठी पोरांना कुठं दमवू?"